कितीही म्हणजे किती?

फेब्रुवारी संपत आला की सोलापुरात ऊन अंगावर यायला लागते. १९९३ सालच्या अशाच एका दुपारी मी बारावीच्या वर्गावर उजळणीचा तास घेत होते. विषय प्रकाशविद्युत परिणाम, म्हणजे प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडणे. पुस्तक इंग्रजीत, शिकवणे मराठीत आणि समोरच्या निम्म्या मुलांच्या घरात तेलुगू नाहीतर कन्नड. म्हणून महत्त्वाची वाक्ये मी फळ्यावर मराठीत लिहायची. मुले ती आधी समजून घ्यायची आणि मग आपापले इंग्रजी करायची. त्या दिवशीचे वाक्य होते, ‘उंबरठ्याखालच्या वारंवारतेचा प्रकाश कितीही तीव्र केला तरी इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही.’

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. अशोक चौकाच्या बाजूचा, पद्मशाली घरातला. वडील यंत्रमागावर, आई कांड्या भरायची. स्वतःही सकाळी मागावर हात लावून मग कॉलेजात यायचा. खांद्यावर सुताची तूस तशीच असायची.

“मॅडम, कितीही म्हणजे किती?”

परीक्षा तोंडावर होती, तास संपायला दहा मिनिटे होती आणि फळ्यावर अजून दोन सूत्रे लिहायची होती. मी म्हणाले, “कितीही म्हणजे कितीही. बस खाली.” तो बसला. पुन्हा त्या वर्षी त्याने काही विचारले नाही.

मी चुकले होते. उत्तरात चुकले आणि ‘बस खाली’मध्येही चुकले. पहिली चूक कळायला मला पंचवीस वर्षे लागली. दुसरी त्याच संध्याकाळी कळली होती, पण दुसऱ्या दिवशी नवा धडा होता.

आता नियमाबद्दल नीट बोलते, कारण नियम खोटा नाही. १९०२ साली लेनार्ड यांना दिसले की धातूवर पडणारा प्रकाश वाढवला तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, एकेकाची ऊर्जा मात्र वाढत नाही. १९०५ साली आइनस्टाइन यांनी त्याचा अर्थ सांगितला. प्रकाश सुट्ट्या नाण्यांसारखा येतो. एका इलेक्ट्रॉनला एकच नाणे मिळते. नाण्याची किंमत रंगावर, म्हणजे वारंवारतेवर ठरते, संख्येवर नाही. तांबड्या प्रकाशाच्या नाण्याची, म्हणजे फोटॉनची, किंमत १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास; इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे अणूंच्या जगातले ऊर्जेचे माप. हेलियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला २४.६ लागतात. मग तांबड्या नाण्यांचा ढीग ओतला तरी काय उपयोग? प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या हातात एकच पडणार आणि ते अपुरेच असणार.

या सगळ्यात एक अट दडलेली आहे. ती फळ्यावर कधी लिहिली जात नाही. एकास एक हा व्यवहार खरा का? तर साध्या प्रकाशात फोटॉन इतके विरळ येतात की पहिल्याची खळबळ शमायच्या आत दुसरा पोहोचतच नाही. दोन एकदम पोहोचले तर चालतील का? चालतील, असे मारिया ग्योपर्ट-मायर यांनी १९३१ साली छापलेल्या आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात गणिताने दाखवले होते. पण ते बघायला लागेल इतका दाट प्रकाश तेव्हा पृथ्वीवर कुणाकडे नव्हता. १९६० साली मेमन यांनी माणकाचा लेसर चालवून दाखवला आणि पुढच्याच वर्षी दोन फोटॉन एकदम शोषले गेल्याचे प्रयोगात दिसले. १९६५ साली व्होरोनोव्ह आणि डेलोन या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तोच तांबडा माणिक-लेसर झेनॉन वायूवर रोखला. झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायची किंमत १२.१३, माणकाच्या फोटॉनची १.७९. सहा कमी पडतात, सात पुरतात. सात फोटॉन एकदम गिळून झेनॉनने इलेक्ट्रॉन सोडला.

म्हणजे माझे फळ्यावरचे वाक्य माझ्या बालपणीच मोडले होते.

ग्योपर्ट-मायर यांचे नाव मी मुद्दाम घेतले. १९६३ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या त्या जगातल्या दुसऱ्या बाई, मेरी क्युरींनंतर ६० वर्षांनी. ते नोबेल अणुकेंद्राच्या रचनेबद्दल होते. तिसऱ्या बाईसाठी आणखी ५५ वर्षे जावी लागली. २ ऑक्टोबर २०१८ रोजी टीव्हीवर डोना स्ट्रिकलंड हे नाव आले तेव्हा मी स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होते. बातमी लेसरची होती. एवढा तीव्र लेसर करायचा कशासाठी, हे दुसऱ्या दिवशी वाचायला बसले आणि तिथे तो मुलगा पुन्हा उभा राहिला.

अडचण अशी होती. लेसरचा झोत वाढवत नेला की ज्या काचेतून, ज्या स्फटिकातून तो वाढवायचा तेच फुटायचे. प्रकाश आपलेच घर जाळायचा. स्ट्रिकलंड आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार मुरू यांनी १९८५ साली रॉचेस्टर विद्यापीठात वाट काढली. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती लगेच कळेल. मिरवणूक अरुंद रस्त्यात शिरली की लांबते, पातळ होते. म्हणून ती जुन्या गल्ल्यांमधून धक्काबुक्की न होता जाते. पुढे मोकळ्यावर तीच माणसे पुन्हा दाटीने एकत्र येतात. प्रकाशाच्या एका स्पंदात, म्हणजे क्षणभराच्या झोतात, अनेक छटा असतात. त्यातल्या तांबूस पुढे आणि निळसर मागे अशा लांबवायच्या की स्पंद हजारो पट लांब आणि तितकाच सौम्य होतो. सौम्य असतानाच त्याला काचेतून नेऊन ताकद भरायची. काचेबाहेर पडला की सगळ्या छटा पुन्हा एका क्षणात गोळा करायच्या. स्ट्रिकलंड यांचा हा पहिलाच शोधनिबंध होता.

किती ताकद, ते सोलापुरी मापाने सांगते. आजच्या एका साध्या प्रयोगशाळेतल्या स्पंदात एक मिलिज्यूल ऊर्जा असते. ताटातला एक शेंगदाणा वीतभर वर उचलायला तेवढीच लागते. पण ही ऊर्जा ३० फेम्टोसेकंदांत खर्च होते, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागाच्या तीसपट वेळात. तेवढ्या वेळापुरती तिची शक्ती ३३ अब्ज वॅट भरते. फताटेवाडीचे आपले एनटीपीसीचे वीज केंद्र १३२० मेगावॅटचे आहे. तशी २५ केंद्रे. आणि ही सगळी शक्ती केसाहून बारीक ठिपक्यावर एकवटायची.

या आकड्यांना नावे हवीत. मराठीत ती आहेत, आपण वापरत नाही एवढेच. भास्कराचार्यांनी दिलेल्या क्रमात अब्जापुढे खर्व, निखर्व, महापद्म, शंकू येतात. मग जलधी म्हणजे एकावर १४ शून्ये, अंत्य म्हणजे १५, मध्य म्हणजे १६ आणि परार्ध म्हणजे १७. भर दुपारी सोलापूरच्या गच्चीवर पडणारे ऊन दर चौरस सेंटिमीटरला वॅटचा एक दशांश असते. वर सांगितलेला शेंगदाण्याएवढ्या ऊर्जेचा स्पंद ३० मायक्रॉनच्या ठिपक्यावर आणला की दर चौरस सेंटिमीटरला पाच अंत्य वॅटच्या आसपास जातो.

इथे आल्यावर फोटॉन मोजण्यात अर्थ उरत नाही. प्रकाश म्हणजे मुळात विद्युतक्षेत्राचे हेलकावणे. उन्हातले हे क्षेत्र दर मीटरला हजार व्होल्टच्याही आतले असते. हायड्रोजनच्या अणुकेंद्राने आपल्या इलेक्ट्रॉनला धरून ठेवलेले क्षेत्र त्याच्या सुमारे ६० कोटी पट. म्हणून आपण उन्हात उभे राहतो आणि आपले अणू जागचे हलत नाहीत. पण लेसरचे क्षेत्र त्या पकडीच्या जवळपास पोहोचले तर?

माझे वडील १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर हजेरी घ्यायचे. मोहोळ तालुक्यात आमच्या गावाजवळ तो तलाव अजून आहे. मी लहान होते, बांधाच्या पायथ्याची ओली माती पायाने उकरायचे. पाणी बांधावरून आलेले नसे. बांध शाबूत, पाणी खाली, तरी पलीकडे ओल. लिओनिद केल्दिश यांनी १९६४ साली तीव्र प्रकाशातल्या अणूचे जे गणित मांडले ते समजून घेताना मला तो बांध आठवत राहिला. अणूभोवती इलेक्ट्रॉनला अडवणारा बांध असतो. प्रकाशाचे क्षेत्र एका बाजूला ओढू लागले की त्या बाजूचा बांध खचतो, पातळ होतो. इलेक्ट्रॉनकडे बांध ओलांडायची ऊर्जा नसली तरी पातळ बांधातून तो पलीकडे निसटतो. मातीला छिद्रे असतात, अणूच्या बांधाला नसतात, हा फरक मोठा आहे. इलेक्ट्रॉनचे पाझरणे त्याच्या लहरीपणातून येते, भोकांतून नाही. पण पातळपणाला महत्त्व दोन्हीकडे आहे. बांध थोडासा पातळ झाला की पाझर कित्येक पटींनी वाढतो. क्षेत्र आणखी वाढवले तर बांधाचा माथाच इलेक्ट्रॉनच्या पातळीखाली जातो आणि मग पाझर कसला, तो सरळ वाहून जातो. केल्दिश यांचे मोठेपण असे की सात फोटॉन मोजणारे चित्र आणि पाझराचे चित्र ही एकाच घटनेची दोन टोके आहेत, हे त्यांनी एका सूत्रात दाखवले. प्रकाश सौम्य आणि हेलकावे वेगाचे असतील तर फोटॉन मोजा. प्रकाश प्रचंड आणि हेलकावे संथ असतील तर बांधाकडे बघा.

बांधाचा माथा कधी बुडेल, हे चार ओळींच्या गणिताने काढता येते. हायड्रोजनसाठी दर चौरस सेंटिमीटरला १.४ जलधी वॅट. हेलियमसाठी दीड अंत्य. स्ट्रिकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला नवा लेसर हेलियमपासून झेनॉनपर्यंतच्या निष्क्रिय वायूंवर वापरून पाहिला आणि आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, दिसू लागण्याची तीव्रता या साध्या गणिताशी जुळली. तो निबंध १९८९ चा. म्हणजे माझ्या वर्गात प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तर छापून तीन वर्षे उलटून गेली होती. कितीही म्हणजे एवढे, असा आकडा होता. मला माहीत नव्हता. माहीत नसणे हा गुन्हा नाही. पण मी ‘बघून सांगते’ म्हणू शकले असते.

२०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा याच प्रकाशाला नोबेल मिळाले. आगोस्तिनी, क्राउस आणि आन ल’ह्युलिए. त्या आठवड्यात मी रिक्षा केली आणि अशोक चौकात उतरले. विचारत विचारत गेले. आमच्या पेठांत माणूस हरवत नाही.

त्याचे आठ माग आहेत, टॉवेलचे. वडील गेले. दिवाळीच्या ऑर्डरी चालू होत्या. आठही माग धडधडत होते आणि बोललेले ओठांवरून ओळखावे लागत होते. त्याने मला ओळखले, पाया पडला, एक माग बंद केला, स्टूल पुसून पुढे सरकवले. केस पांढरे झालेत, त्यात पांढरी तूस. मी त्याला तो तास सांगितला, प्रश्न सांगितला, माझे उत्तर सांगितले.

“मी विचारलं होतं?” तो म्हणाला. “आठवत नाही, मॅडम.”

मी तीस वर्षे बाळगलेली गोष्ट त्याच्याकडे नव्हतीच. तरी मी सांगितले. टॉवेलच्या पुठ्ठ्यावर पेनने बांध काढला, तिरका केला, जलधी आणि अंत्य लिहिले. त्याने मध्येच थांबवले नाही. सगळे झाल्यावर पुठ्ठ्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “एक निघून गेला. पण मागं उरतो त्याचं काय?”

मागे उरतो तो आयन, आणि खरी कठीण गोष्ट तिथून सुरू होते. हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्राच्या ओढीपासून थोडेफार झाकून असतात. एक गेला की ते झाकण जाते. उरलेला एकटा दुहेरी धनभारापुढे उघडा पडतो, केंद्राच्या जवळ ओढला जातो. त्याची किंमत २४.६ नाही, ५४.४ होते. तांबड्यापलीकडच्या ८०० नॅनोमीटरच्या लेसरचे फोटॉन मोजायचे तर पहिल्याला १६ लागायचे, या दुसऱ्याला ३६. बांध उंचही होतो आणि रुंदही. दीड अंत्याचे तिथे पावणेनऊ अंत्य लागतात, जवळपास सहापट. म्हणून एकाच स्पंदात सुद्धा हे टप्प्याटप्प्याने घडते. प्रकाश चढत असतानाच पहिला इलेक्ट्रॉन गेलेला असतो. दुसरा शिखराची वाट बघतो, आणि शिखर पुरेसे नसले तर राहतो. ठिपक्याच्या मधोमध दोन्ही गेलेले अणू, कडेकडेने एकच गेलेले.

आयनच घेऊन सुरुवात करायची तर आणखी कष्ट. आयन एकाच भाराचे, ते एकमेकांना ढकलतात, त्यामुळे त्यांचा झोत दाट करता येत नाही. केसाएवढ्या ठिपक्यात लेसरच्या वाट्याला मोजकेच आयन येतात. पण एक फायदा असतो. आपण नेमके कुठून सुरुवात केली हे ठाऊक असते.

आणि टप्प्याटप्प्याचा हा हिशोब कधी कधी चुकतो, हे मला सगळ्यात आवडलेले आहे. दीड अंत्याच्या बरेच खाली, जिथे दुसऱ्या इलेक्ट्रॉनचा बांध अजून चांगला जाड असतो, तिथे हेलियमचे दुहेरी, म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉन गमावलेले, आयन हिशोबापेक्षा कित्येक पटींनी जास्त सापडतात. १९९४ साली हेलियमवर याची बारकाईने मोजणी झाली. झेनॉनमध्ये याची चाहूल ल’ह्युलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लागली होती. दुसऱ्याला कोण बाहेर काढते? पॉल कॉर्कम यांनी उत्तर दिले ते १९९३ साली, आमच्या त्या तासाच्याच वर्षी.

ते सांगायला मला पुठ्ठा लागला नाही. समोर माग चालू होते. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो आणि परत येतो. प्रकाशाचे क्षेत्रही असेच दिशा बदलते. ८०० नॅनोमीटरच्या लेसरमध्ये एक पूर्ण येरझार २.६७ फेम्टोसेकंदांत होते. पाझरून बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन दूर फेकला जातो न जातो तोच क्षेत्र उलटते आणि त्याला मागे ओढते. तो जिथून निघाला त्याच आयनावर येऊन आदळतो, क्षेत्रात झुलताना सरासरी जेवढी ऊर्जा असते तिच्या ३.१७ पटीपर्यंत ऊर्जा घेऊन. आदळला की आत राहिलेल्याला उडवतो. निघून गेलेल्याने परत येऊन उरलेल्याला बाहेर काढले. आदळून दुसऱ्याला उडवण्याऐवजी तो स्वतःच पुन्हा घरात शिरला तर सगळी ऊर्जा एका फोटॉनमध्ये बाहेर टाकतो. त्या फोटॉनांपासून अॅटोसेकंदांचे स्पंद बनतात, म्हणजे फेम्टोसेकंदाच्याही हजाराव्या भागात मोजायचे. २०२३ चे नोबेल त्यांचेच.

हे खरे कशावरून? तर प्रकाशाचे क्षेत्र सरळ येरझार घालण्याऐवजी गोल फिरणारे करता येते. मग इलेक्ट्रॉन परत येतो तो घराला चुकवून, बाजूने निघून जातो. आणि हेलियममध्ये तसा गोल प्रकाश टाकला की ते जास्तीचे दुहेरी आयन नाहीसे होतात. इतका स्वच्छ पुरावा मी आयुष्यात फार कमी वेळा वाचला आहे.

मी त्याला आर्गॉनचेही सांगितले, कारण आर्गॉन वेल्डिंग त्याला माहीत होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा मेहुणा तेच काम करतो. आर्गॉनला १८ इलेक्ट्रॉन. त्यातले १६ लेसरने काढून झाले आहेत. सोळावा काढायला सुमारे ९१८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि तीव्रता एकावर १९ शून्ये. शंभर परार्ध. भास्कराचार्यांची नावे तिथे संपलेली असतात. उरलेले दोन केंद्राला इतके चिकटून असतात की त्यांच्यासाठी आणखी शेकडो पट प्रकाश हवा. असे लेसर कुठे असतात, त्याने विचारले. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या प्रकारचे लेसर आहेत, मी म्हणाले. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघाले की सकाळी पोहोचतो. तो त्यावर काही बोलला नाही. मीही बोलले नाही.

एक मुलगा चहा घेऊन आला. पलीकडच्या मागावर धागा तुटला होता, तो जोडून आला. पुठ्ठा त्याने हातात घेतला होता आणि पेनही माझ्याकडून घेतले होते. बांधाच्या चित्राशेजारी तो एक गोल काढत होता. एकदा काढला, त्यावरून पुन्हा फिरवला.

मग उठला आणि शेजारचा माग बंद केला. त्याच्या पलीकडचाही.

“ते गोल प्रकाशाचं परत सांगा, मॅडम. तो घराला चुकवतो म्हणजे किती लांबून?”

“बघून सांगते,” मी म्हणाले.